स्वीडिश रकान्यातले गडकिल्ले

होस्टिंग कंपनीची ईमेल सहसा पैशांसाठी असते. या वेळची वेगळी होती. आपली वेबसाइट पीएचपी ७.४ वर चालते, ही आवृत्ती बंद होत आहे, सर्व मजकूर नव्या सर्व्हरवर हलवला जाईल आणि तिथे पीएचपी ८ असेल. तक्रारीला जागा नव्हती. पीएचपी ७.४ च्या सुरक्षा दुरुस्त्या २८ नोव्हेंबर २०२२ रोजीच थांबल्या होत्या आणि मोडक्या कुलपावर कुणी किती दिवस घर सोडणार?

माझी साइट सह्याद्रीतल्या भटकंतीच्या नोंदींची. कुठल्या गावातून चढायचं, टाक्यातलं पाणी पिण्याजोगं आहे का, वाट कुठे फसवते, असा सगळा कामापुरता मजकूर. ती वर्डप्रेसवर उभी आहे. वर्डप्रेसची पहिली आवृत्ती मॅट मलेनवेग आणि माइक लिटल यांनी २७ मे २००३ रोजी आणली, आणि माझ्या साइटचा पाया त्याच सुरुवातीच्या वर्षांतला. ऑक्टोबर २०१३ च्या ३.७ आवृत्तीपासून वर्डप्रेस छोट्या दुरुस्त्या आपल्या आपण करून घेतं. त्यामुळे मालकाला वाटत राहतं की सगळं ताजं आहे. ताजा असतो तो गाभा. थीम, प्लगिन आणि डेटाबेस जिथल्या तिथेच.

नव्या सर्व्हरवर साइट उघडली तेव्हा मुखपृष्ठावर हरिश्चंद्रगड नव्हता. होत्या विचित्र खुणांच्या रांगा. नीट पाहिल्यावर त्यांत एक शिस्त दिसायला लागली. जिथे ‘म’ असायला हवा तिथे आधी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चार पाय फुटलेलं वर्तुळ, मग वर्तुळात कोंडलेला आर. दुसऱ्या वेलांटीच्या जागी तोच ए, त्यापुढे जपानी येनचं चिन्ह आणि त्याला चिकटून युरोचं. आमच्या कोकणकड्यावर परकीय चलनाचा बाजार भरला होता.

यात जादू काही नाही. यूटीएफ-८ पद्धतीने साठवताना देवनागरीतलं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा तीन बाइट घेते. हे तीन बाइट एकत्र वाचले तर ‘म’ दिसतो. पश्चिम युरोपीय लिपीचे समजून सुटे वाचले तर तीन वेगळी चिन्हं दिसतात. माझा डेटाबेस मायएसक्यूएलचा. या सॉफ्टवेअरची पहिली कंपनी स्वीडनमधली, म्हणून त्याची मूळ मांडणी अनेक वर्षं ‘लॅटिन १’, आणि अक्षरांचा क्रम स्वीडिश. म्हणजे रायगडापासून हरिहरपर्यंतचा सगळा मराठी मजकूर इतकी वर्षं स्वीडिश रकान्यांत पडून होता. डब्यावर ‘मीठ’ लिहिलेलं आणि आत साखर, असा प्रकार. घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं म्हणून चहा बिघडत नव्हता. मायएसक्यूएल ८.० पासून मूळ मांडणी बदलली. नव्या सर्व्हरने डब्यावरचं लेबल वाचलं, त्यावर प्रामाणिकपणे विश्वास ठेवला आणि आतल्या साखरेचं मीठ समजून रूपांतर केलं.

वर्डप्रेसने २००७ मध्ये, २.२ आवृत्तीत, या लेबलासाठी सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ दिली होती. त्याआधीच्या साइटींच्या फाइलमध्ये ती ओळ नसे, आणि नंतर कुणी ती घालून देत नाही. सपोर्टवरच्या माणसाने ‘ब्राउझरची कॅशे साफ करून बघा’ असं सुचवलं. हे उत्तर बहुधा सगळ्या तक्रारींसाठी छापून ठेवलेलं असतं.

दुरुस्ती करताना सरळ रस्ता नेमका चुकीचा. रकाना थेट नव्या मांडणीत बदलला तर गोंधळलेली चिन्हंच कायमची पक्की होतात. म्हणून आधी तो निव्वळ बाइटचा करायचा, म्हणजे डेटाबेस त्यात कुठलीही भाषा शोधत नाही, आणि मग त्याच बाइटना यूटीएफ-८ म्हणून ओळख द्यायची. शीर्षकं, मजकूर, वर्गवारी, एकेक रकाना असाच. बॅकअपची प्रत दुसऱ्या जागी उभी करून तिच्यावर आधी हे करून पाहिलं. ‘हरिश्चंद्रगड’ हा शब्द जोडाक्षरांसकट उमटला तेव्हा रात्रीचा चहा कधीच गार झाला होता.

मग थीम. पीएचपी ८ ने काही जुनी फंक्शनं काढून टाकली आणि माझ्या थीमच्या लेखकाने नेमकी तीच वापरली होती. लेखक केव्हाच बेपत्ता. पूर्वी अशा वेळी कोरं पांढरं पान दिसायचं आणि माणूस अंदाजाने प्लगिन बंद करत बसायचा. मे २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस स्वतःच ईमेल पाठवतं: चूक कुठल्या फाइलमध्ये, कितव्या ओळीत, आणि आत शिरायला एक खास दुवा. या सोयीबद्दल तिच्या कर्त्यांना गडावरचं पिठलं-भाकर खाऊ घालायला हरकत नाही. थीम बदलली. ब्लॉक एडिटरशी माझं अजून जमलेलं नाही, त्यावर न बोललेलं बरं.

एक गोष्ट मात्र जशी होती तशी ठेवली. वेबपत्त्यात देवनागरीचं एकेक अक्षर नऊ चिन्हांत लिहिलं जातं आणि वर्डप्रेस पत्त्याच्या त्या भागाला दोनशे चिन्हंच देतं. ‘हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आणि नळीची वाट’ या नोंदीचा पत्ता त्यामुळे ‘कोकणकडा’पाशी संपतो. नळीची वाट पत्त्यात शिरलीच नाही. पण त्याच पत्त्यावरून लोक येतात, म्हणून त्याला हात लावला नाही.

एवढ्या खटाटोपात पदरात काय पडलं? पानं फोनवर झटकन उघडतात, कारण ऑगस्ट २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून फोटो नजरेच्या टप्प्यात आल्यावरच उतरतात. पण मला जास्त आनंद झाला तो शोधाच्या चौकटीचा. ‘पायऱ्या’ टाकलं की पूर्वी मोजक्याच नोंदी यायच्या, आणि गडांच्या नोंदींत पायऱ्या नाहीत असं कसं होईल? डेटाबेस आता उघड्या डोळ्यांनी वाचता येत होता, म्हणून कारण दिसलं. जुन्या कीबोर्डने त्यातलं ‘ऱ्या’ साध्या ‘र’ला एक अदृश्य जोडचिन्ह लावून लिहिलं होतं, नव्याने खाली टिंब असलेला ‘ऱ’ वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच, यंत्राला वेगळे. एका आदेशात सगळीकडे एकच रूप केलं. दऱ्यांच्या, किनाऱ्यांच्या, खिंडीतल्या वाऱ्यांच्या नोंदी सोडून द्या, नुसत्या पायऱ्यांनी यादी भरली. कातळात कोरलेल्या, जवळजवळ उभ्या पायऱ्यांचा हरिहर त्यात पहिल्यांदाच आला.

या यादीमुळे जुन्या नोंदी पुन्हा वाचल्या गेल्या. कित्येकींत एसटीच्या वेळा आहेत, मुक्कामाच्या गाड्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच आता धावत नाहीत. सध्या डेपोंना फोन लावणं चालू आहे. दोन डेपोंनी उचलला.