गाडी एका अंगास कां ओढते ?

काकतालीय न्याय आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. कावळा ताडावर बसावयास आणि ताडाचें फळ गळून पडावयास एकच गांठ पडली, म्हणजे पाहणारा म्हणतो, कावळ्यानें फळ पाडलें. एकामागून दुसरें घडलें, एवढ्यावरून पहिलें दुसऱ्याचें कारण ठरत नाहीं, हा तर्कशास्त्राचा पहिला धडा. परंतु घरांतील नित्याच्या व्यवहारांत हा धडा आपण किती वेळां विसरतों, आणि त्याचें फळ कोणास भोगावें लागतें, याचा विचार क्वचितच होतो. गेल्या दिवाळींत आमच्या घरीं एका मोटारीच्या निमित्तानें तो करण्याचा प्रसंग आला. सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं मुंबईस प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, तेव्हां मोटार ही श्रीमंतांची मिरवणूक होती. आज ती मध्यम स्थितीच्या पुष्कळ कुटुंबांच्या दारीं उभी असते. तेव्हां तिच्या एका साध्या विकाराचें निदान कसें करावें, हें सांगणें अस्थानीं होणार नाहीं.

आमचे चिरंजीव पुण्यास नोकरीस असतात. दिवाळीच्या सुटींत ते सहकुटुंब घरीं आले, तेव्हां गाडीचे पुढचे दोन टायर झिजलेले दिसल्यावरून येथल्याच एका दुकानांत त्यांनीं नवे बसवून घेतले. दुसऱ्या दिवशीं तुळजापुरास जाऊन येतांना त्यांस दिसून आलें कीं, स्टिअरिंगवरील हात किंचित् सैल होतांच गाडी डावीकडे ओढ घेते. घरीं येऊन पाय धुण्यापूर्वींच निकाल लागला : टायर बसविणाऱ्या पोरानें कांहीं तरी बिघडवून ठेविलें. शेजारच्या एका पेन्शनर गृहस्थांनीं या निकालावर शिक्कामोर्तब केलें. दुकानदारास फोन गेला. त्यानेंहि चौकशी न करतां सांगितलें, “उद्यां गाडी घेऊन या. दुरुस्तीचा खर्च पोराच्या पगारांतून कापून घेतों.” हा पोरगा वीस वर्षांच्या आंतला, त्याची आई विड्या वळून घर चालविते, हें आम्हांस मागाहून समजलें.

आमची इंग्रजी विद्या मॅट्रिकपुढें गेली नाहीं, आणि यंत्रांशीं तर आमचा परिचय नाहींच. परंतु तीसपस्तीस वर्षें मुलांस संस्कृत शिकविण्यांत घालविल्यामुळें पुराव्यावांचून दिलेली शिक्षा आम्हांस पाहवत नाहीं. दुसरे दिवशीं सकाळीं आम्हीहि चिरंजीवांबरोबर दुकानीं गेलों आणि एवढीच विनंति केली कीं, पैसे कोणाचे कापावयाचे तें मागाहून ठरवावें. आधीं रोग कोठें आहे तें पाहावें.

हवेचा टायर १८८८ सालीं व्यवहारांत आणणारे जॉन बॉइड डनलप हे धंद्यानें पशुवैद्य होते. तेव्हां टायरच्या रोगाचें निदान वैद्यकाच्या रीतीनें करण्यास हरकत नसावी. आयुर्वेदांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत. त्यांपैकीं उपशय हें एक. रोगाचें स्वरूप गूढ असेल, तेव्हां एखादा आहार किंवा औषध देऊन पाहावें, आणि त्यानें विकार शमतो कीं वाढतो यावरून मूळ ओळखावें, असा त्याचा भावार्थ. मात्र एका वेळीं एकच औषध द्यावें. चार मात्रा एकदम चाटविल्या तर गुण कोणत्या मात्रेचा, हें धन्वंतरीसहि सांगतां यावयाचें नाहीं.

पहिली परीक्षा हवेची, कारण तिला खर्च नाहीं. ज्या चाकांत हवा कमी तें जड चालतें, आणि गाडी त्या अंगास ओढली जाते. हवेचा दाब गाडी थंड असतांना मोजावा, आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवर जो आंकडा छापलेला असतो त्याशीं ताडून पाहावा. पुढचे दोन्ही टायर एकाच मापाचे व एकाच नक्षीचे आहेत कीं नाहींत, हेंहि त्याच वेळीं पाहून घ्यावें. आमच्या गाडींत हें सर्व यथास्थित होतें.

दुसरी परीक्षा रस्त्याची. पावसाचें पाणी निघून जावें म्हणून रस्ता मध्यें उंच आणि कडांस उतरता करतात. डांबरी रस्त्यास हा उतार शेंकडा दोनच्या आसपास असतो. आपण डावीकडून गाडी हांकतों, त्यामुळें ती किंचित् डावीकडे सरकली तर तो गाडीचा रोग नव्हे, जमिनीचा स्वभाव होय. हा संशय फेडण्यासाठीं गांवाबाहेरील एका मोकळ्या सपाट पटांगणांत गाडी नेली, आणि एकाच पट्ट्यावरून ती आधीं एका दिशेनें व मग उलट दिशेनें हळूहळू चालविली. उतारामुळें ओढ असती तर परततांना ती उजवीकडे दिसती. पण दोन्ही वेळां गाडी डावीकडेच गेली. जमीन निर्दोष ठरली.

तिसरी परीक्षा ब्रेकची. ब्रेक दाबल्यावरच गाडी एका बाजूस जात असेल, तर दोष ब्रेकमध्यें शोधावा. ब्रेक न दाबतांहि तो एखाद्या चाकास चिकटून राहत असेल, तर थोडें अंतर चालविल्यावर तें चाक इतरांहून फार तापतें. हात लावूं नये, भाजेल. तळहात नुसता जवळ धरला तरी फरक कळतो. आमच्या दोन्ही चाकांची ऊब सारखीच लागली.

आतां चिरंजीव म्हणाले, “अलाइनमेंट करून घेऊं, म्हणजे झालें.” अलाइनमेंट म्हणजे चाकांची ठेवण. चाक उभें असतांना आंत किंवा बाहेर किती कललें आहे, तें ज्या आंसावर वळतें तो मागें किती झुकला आहे, आणि दोन्ही चाकांचीं तोंडें एकमेकांकडे किती वळलीं आहेत, हे तीन कोन यंत्रावर मोजतात. पहिले दोन कोन डाव्या-उजव्या बाजूंस असमान झाले तर गाडी ओढते. तिसरा चुकला तर बहुधा टायर लवकर झिजतात आणि स्टिअरिंग वांकडें दिसतें. खड्ड्यांत चाक आदळल्यानें ही ठेवण बिघडते, हें खरें. तेव्हां सूचना अयोग्य नव्हती. पण यंत्रास पैसे पडतात.

इतका वेळ पाना हातांत घेऊन मुकाट्यानें उभा असलेला तो पोरगा तेव्हां प्रथमच बोलला, “गुरुजी, मशीनवर घालायच्या आधी पुढची दोन्ही चाकं अदलाबदली करून बघू की. ओढ चाकाबरोबर गेली तर चाकाचा दोष, नाही गेली तर गाडीचा.”

आम्ही त्याच्याकडे पाहतच राहिलों. जें असतां कार्य असतें तो अन्वय, आणि जें नसतां कार्य नसतें तो व्यतिरेक. हें दोन दिवस फळ्यावर लिहूनहि वर्गांतील अर्ध्या मुलांच्या गळीं उतरत नसे. या मुलानें तें एका वाक्यांत सांगितलें. पावघटकेंत चाकें बदललीं. त्याच पटांगणांत, त्याच पट्ट्यावरून गाडी चालविली, आणि आतां ती उजवीकडे ओढूं लागली ! रोग गाडींत नव्हता, बसविण्यांत नव्हता, टायरच्या अंगांतच होता. येथें एक सूचना : कांहीं टायरांवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, त्यांची अशी सरळ अदलाबदल करूं नये.

नवा कोरा टायर असा कां वागावा ? आजचे बहुतेक मोटारींचे टायर रेडियल जातीचे असतात. त्याचें पेटंट फ्रान्समधील मिशेलिन कंपनीनें १९४६ सालीं घेतलें. रबराच्या पाठीखालीं पोलादी तारांचा एक पट्टा असतो. तयार होतांना तो पट्टा मध्यापासून केसभर एका बाजूस सरकला, तर टायरची एक कड दुसरीहून ताठ होते, आणि दिसावयास तो वर्तुळाकार असला तरी चालतो मात्र शंकूसारखा. निमुळता पेला आडवा करून जमिनीवर लोटावा; तो सरळ न जातां वळसा घेतो. चादरींच्या या गांवांत दुसरा दाखला शोधावयास नको. ताण्याचे धागे एका कडेस अधिक ओढले गेले, तर चादर माग सोडीपर्यंत नीट दिसते आणि अंथरल्यावर तिरपी पडते. त्याबद्दल जो तिची घडी घालतो त्याची मजुरी कापावी काय ?

दुकानदारानें तो टायर परत घेऊन दुसरा दिला. ओढ नाहींशी झाली. पगार कापण्याची गोष्ट अर्थातच राहिली नाहीं. चिरंजीवांनीं दुकानदारासमक्षच पोरास म्हटलें, “तुझा कांहीं दोष नव्हता,” हें आम्हांस टायरपेक्षांहि अधिक मोलाचें वाटलें.

वाचकांनीं इतकें ध्यानांत ठेवावें : जी परीक्षा फुकट ती आधीं, जी खर्चाची ती शेवटीं, एका वेळीं एकच फेरबदल, आणि प्रत्येक वेळीं जागा तीच. टायरला फुगवटी आली असेल, गाडी थरथरत असेल, किंवा ओढ एकाएकीं सुरू झाली असेल, तर मात्र प्रयोग करीत बसूं नये. गाडी कडेस उभी करून जाणत्यास बोलवावें.

मोलकरीण येऊन गेली आणि वाटी सांपडेना. नवा मास्तर आला आणि मुलाचे गुण घसरले. सून घरांत आली आणि सासऱ्यांची प्रकृति बिघडली. असे निकाल घरोघर रोज लागतात, आणि ज्याला उलट बोलतां येत नाहीं त्याच्याच माथीं ते बसतात. शिक्षा सांगण्यापूर्वीं चाकें एकदां बदलून पाहावीं.