भाडेकरूच्या बाजूने, जरा उशिराच

भाडेकरूंना संरक्षण देणाऱ्या कायद्यांविषयी माझं मत बरीच वर्षं पक्कं होतं, आणि ते चांगलं नव्हतं. नारायण पेठेत वाडा असलेल्या घरात वाढलेल्या मुलीचं दुसरं काय असणार? ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही म्हण आमच्याकडे महिन्यातून एकदा तरी, भाड्याच्या पावत्या फाडताना, हटकून निघायची. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या आकड्याला बांधून ठेवलं होतं. वाड्याच्या वर्षभराच्या भाड्यात कौलं शाकारणंही निघत नसे. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की, भाडं असं गोठवून ठेवणं आता मनमानीचं झालं आहे. तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले गेले. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली, आणि त्या चार टक्क्यांची थट्टा करण्यात आणखी काही वर्षं गेली.

त्यातून माझा सिद्धांत तयार झाला: भाडं मालकाने सांगावं, पटलं तर राहावं, नाही तर निघावं. कोर्टाचं मध्ये काय काम?

हा सिद्धांत बरोबर घेऊनच मी नोकरीसाठी गुरुग्रामला आले आणि जन्मात पहिल्यांदा भाडेकरू झाले. अकरा महिन्यांचा करार. इथे सगळे अकराच महिन्यांचा करतात, कारण १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो आणि तो खर्च कोणालाच नको असतो. करारात लिहिलेलं होतं की, मुदत संपल्यावर नूतनीकरण करताना दहा टक्के वाढ. मुदत अर्धीही सरली नव्हती आणि घरमालकांचा व्हॉट्सॲपवर निरोप आला: पुढच्या महिन्यापासून भाडं पंचवीस टक्के जास्त, ‘मार्केट रेट’ तोच चालू आहे. द्वारका एक्सप्रेसवेचा हरियाणातला भाग मार्च २०२४ मध्ये खुला झाल्यापासून इथल्या दलालांच्या तोंडी हाच शब्द आहे.

माझ्या सिद्धांताप्रमाणे मी निघायला हवं होतं. निघायचं म्हणजे नव्या घराची दलाली, नवी अनामत, जुनी अनामत परत मिळेपर्यंतच्या विनवण्या, शाळेच्या बसचा बदललेला मार्ग, आणि सामानाचा ट्रक गेटबाहेर काढायला सोसायटीला लागणारी घरमालकाचीच ‘एनओसी’. या सगळ्याची बेरीज मागितलेल्या वाढीच्या वर जात होती. घरमालकांना ती बेरीज माझ्याआधी ठाऊक होती आणि पंचवीसचा आकडा त्यांनी तिच्यावरूनच काढला असावा. ‘पटलं नाही तर निघावं’ हे वाक्य कोणाच्या सोयीचं आहे ते मला तेव्हा कळलं.

कचेरीतल्या एका वकील सहकाऱ्याने पहिला प्रश्न विचारला तो कराराचा नव्हताच. ‘मॅडम, आपकी बिल्डिंग की ओसी कब की है?’ ओसी म्हणजे टाऊन अँड कंट्री प्लॅनिंग खातं देतं तो वापराचा दाखला. गुरुग्राममध्ये भाड्याच्या वादात कोणतं दार ठोठवायचं हे बरंचसं या तारखेवर ठरतं. हरियाणाचा नागरी भाडे नियंत्रण कायदा १९७३ चा आहे. पण कायदा लागू झाल्यानंतर बांधलेल्या इमारतीला, ती पूर्ण झाल्यापासून दहा वर्षं तो लागूच होत नाही. ही सवलत लोकांनी घरं बांधावीत म्हणून दिलेली. हिसारच्या एका दुकानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली असंही ठरवलं की, दहा वर्षांच्या आत दावा दाखल झाला असेल, तर खटला चालू असताना दहा वर्षं उलटली म्हणून मालकाची सवलत जात नाही.

दहा वर्षं झालेल्या इमारतीत मात्र भाडेकरू रेंट कंट्रोलरकडे योग्य भाडं ठरवून मागू शकतो. हरियाणात कंट्रोलर म्हणजे दिवाणी न्यायाधीशच. १९६१ नंतरच्या इमारतीला आधार धरायचा तो दोघांनी आधी मान्य केलेल्या भाड्याचा, आणि त्यावर वाढ द्यायची ती घाऊक किंमत निर्देशांकात झालेल्या वाढीच्या जास्तीत जास्त पंचवीस टक्के. म्हणजे महागाई चाळीस टक्के वाढली असेल, तर भाड्यात फार तर दहा टक्के. एकदा योग्य भाडं ठरलं की मालकाला त्यावर मागता येत नाही. २००८ ते २०१४ च्या दरम्यान ताबा दिलेले कितीतरी टॉवर आता दहा वर्षांची रेषा ओलांडून या कायद्याखाली आले आहेत, आणि त्यांतल्या लिफ्टमधून रोज वर-खाली करणाऱ्या भाडेकरूंना याचा पत्ताही नाही.

इमारत नवी असेल तर? तर करार आणि दिवाणी न्यायालय. १८७२ च्या करार कायद्यात कराराच्या अटी बदलायला दोन्ही पक्षांची संमती लागते. मुदतीच्या मध्यात एकट्या मालकाने आकडा वाढवला तर तो फक्त प्रस्ताव असतो. गंमत अशी की दिल्लीत महिना ३,५०० रुपयांहून जास्त भाड्याला १९५८ चा भाडे कायदा लागतच नाही. नोएडात उत्तर प्रदेशचा २०२१ चा कायदा आहे, त्यात घरांसाठी वर्षाला पाच आणि इतर जागांसाठी सात टक्के असे आकडेच आलेत. एकाच मेट्रोच्या जाळ्यात राहणाऱ्यांना तीन वेगळे कायदे! केंद्राने जून २०२१ मध्ये मंजूर केलेला आदर्श भाडेकरार कायदा नमुना म्हणून चांगला आहे. करारात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ठरलेल्या मुदतीत वाढ नाही, घरासाठी अनामत दोन महिन्यांपेक्षा जास्त नाही. पण तो राज्यांनी स्वीकारला तरच कायदा.

मी उत्तर लिहिलं. दोन परिच्छेदांचं, कराराच्या कलमाचा उल्लेख करून, वाढ मान्य नसल्याचं आणि करारातलं भाडं वेळेवर देत राहणार असल्याचं. पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवलं आणि त्याच दिवशी जुन्याच आकड्याचं भाडं बँकेतून वळतं केलं. हे दुसरं काम पहिल्याहून महत्त्वाचं आहे. रागाच्या भरात भाडं थांबवलं की मालकाला घर खाली करून घ्यायचं कारण आपणच देतो.

घरमालकांनी चार दिवस फोन घेतला नाही. गेटवरच्या ॲपमधून आमची नावं काढायची भाषा झाली. पाणी, वीज यांसारख्या सोयी सबळ कारणाशिवाय तोडायला १९७३ च्या कायद्यात मनाई आहे, आणि आमच्या इमारतीची दहा वर्षं केव्हाच झाली होती. हे दुसऱ्या पत्रात लिहिल्यावर विषय थांबला. नूतनीकरणाच्या वेळी मी दहा टक्के वाढ दिली, कारण ती करारात होती. घरमालक आता दिवाळीला मिठाई पाठवत नाहीत. तेही ठीक.

बाबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘म्हणजे तूही भाडेकरू झालीस.’ मी भांडले नाही, कारण वाड्याच्या बाबतीत त्यांचं म्हणणं मला आजही पटतं. अर्धशतक एकाच आकड्यावर अडकलेलं भाडं हा अन्यायच होता. माझं मत बदललं ते इतकंच: भाडं किती, कधी आणि किती वाढेल हे आधी ठरलेलं हवं, आणि ‘नाही’ म्हणायला एक जागा हवी. ती जागा नसली की बाजारभाव म्हणजे ज्याच्या हातात किल्ली त्याची मर्जी.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी चकरपूरच्या एका खोलीत राहतात. करार नाही, पावती नाही, विजेचा दर घरमालक सांगेल तो. कायदा तोंडी भाडेकरारालाही भाडेकरारच मानतो, पण सिद्ध कशाने करायचा? जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात महिलांना उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याने. मी त्यांना तसं सांगितलं आणि पुढच्या महिन्यापासून भाडं रोख न देता फोनवरून द्यायला सांगितलं, म्हणजे निदान नोंद तरी राहील.

गुरुग्रामात घर भाड्याने घेणाऱ्या मराठी मंडळींना एवढीच विनंती: सही करण्यापूर्वी इमारतीच्या ओसीची तारीख विचारा, वाढीचा आकडा करारात लिहून घ्या, आणि अधल्यामधल्या वाढीच्या निरोपाला व्हॉट्सॲपवर ‘ओके’ लिहू नका.