सावंतवाडीची गोल पाने

सावंतवाडीत मोती तलावाकाठी राजवाडा आहे. तेथे चित्रकार रंगांच्या वाट्या मांडून बसलेले दिसतात. हाती बारीक कुंचला आणि त्याखाली गंजिफाचे गोल पान!

दशावतारी गंजिफात १० अवतारांची प्रत्येकी १२, अशी १२० पाने असतात : राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा. मत्स्याच्या दश्शीवर दहा मासे असतात. ते सारे हाताने रेखलेले, त्यामुळे एक मासा दुसऱ्यासारखा तंतोतंत नसतो.

छापील पत्त्यांपुढे ही कला लोपत चालली होती. तेव्हा शिवरामराजे व सत्वशीलादेवी भोसले यांनी वयोवृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली. केवळ आश्रय देऊन न थांबता सत्वशीलादेवींनी स्वतः कुंचला हाती धरला. एका जाणत्या हातातली विद्या अशी पुढच्या हातांत आली.

आज गंजिफा खेळणारे विरळाच. तरीही पाने रंगतात. सुटीत तेथे जाणाऱ्या कुटुंबांनी संच अवश्य घ्यावा. पण त्याआधी मुलांना घटकाभर चित्रकारांपाशी बसू द्यावे. घरी परतल्यावर मुलांनी जाड कागद गोल कापून आपल्या मनचा एखादा मासा रंगवला, तर प्रवास सार्थकी लागला असे समजावे.