दमाची परीक्षा

एखादा माणूस अंगानें भरलेला दिसला कीं, “प्रकृति उत्तम आहे” असा निकाल आपण देऊन टाकतों. परंतु हृदयाचा व फुप्फुसांचा दम बाह्य रूपावरून कळत नाहीं. त्याची परीक्षा श्रम देऊनच घ्यावी लागते. परंदवडीस आमच्या तीन पिढ्यांच्या कुटुंबांत गेल्या पावसाळ्यांत निरोगी प्रौढांची अशी परीक्षा झाली. तिचा वृत्तांत वाचकांस उपयोगी पडेल.

श्रमाच्या वेळीं स्नायूंना अधिक प्राणवायु लागतो व तो पोंचविण्यासाठीं हृदय जलद चालतें. कसलेलें हृदय प्रत्येक ठोक्यास अधिक रक्त ढकलतें. म्हणून त्याला थोडे ठोके पुरतात, आणि श्रम थांबतांच तें लवकर शांत होतें. या तत्त्वावर १९४३ सालीं ब्रूहा यांनीं अमेरिकेंत ‘हार्वर्ड’ परीक्षा प्रसिद्ध केली. तींत २० इंच उंच बाकावर मिनिटास ३० वेळां, याप्रमाणें ५ मिनिटें चढउतार करावयाची असते. १९६८ सालीं डॉ. केनेथ कूपर यांनीं १२ मिनिटांत किती अंतर धांवतां येतें, यावरून दम मोजण्याची रीत मांडली. घरगुती कामास याहून सौम्य प्रकार बरा: १२ इंच उंच पायरी, मिनिटास २४ चढउतार, वेळ ३ मिनिटें, नंतर लगेच बसून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी.

आमच्या ओसरीची पायरी नेमकी तेवढीच उंच. माझा पुतण्या शरीरानें भरदार, पण दिवसभर कचेरींत खुर्चीवर. त्याचे ठोके १३२ भरले. धाकट्या सूनबाईंचे ९८. त्यांस सर्व घर ‘नाजूक’ म्हणे, आणि त्याच कारणास्तव लोहगड चढून जाण्याचा त्यांचा बेत वडील मंडळींनीं दोनदां मोडला होता. आंकडे पाहून आमच्या वहिनी म्हणाल्या, “मग आतां अडवायचें कशाला?” सूनबाई गड चढून आल्या. पुतण्यानें रोज पहांटे झपाझप चालण्याचा नेम धरला. तीन महिन्यांनीं त्याच पायरीवर त्याचे ठोके ११४ झाले.

नाडी मोजतां न येणारांस सुश्रुतसंहितेंतील खूण पुरे आहे. व्यायाम अर्ध्या शक्तीनें करावा, आणि हृदयस्थ वायु मुखावाटे येऊं लागला म्हणजे अर्धी शक्ति खर्च झाली असें समजावें, असा तिचा आशय. आपल्या शेजारीं लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापून योगक्रियाही शास्त्रीय उपकरणांनीं पडताळून पाहिल्या. श्रद्धेला मोजमापाचें भय नसावें.

मात्र छातींत दुखणें, हृदयविकार, वाढलेला रक्तदाब किंवा गर्भारपण असल्यास वैद्यकीय सल्ल्यावांचून ही परीक्षा करूं नये. चक्कर आल्यास किंवा छातींत कळ उठल्यास तत्काळ थांबावें, आणि कळ न शमल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावूं नये. वय, उष्मा, ज्वर, चहा यांनींही नाडी बदलते. यास्तव एकाचा आंकडा दुसऱ्यास लावूं नये. तीच पायरी, तीच वेळ ठेवून प्रत्येकानें आपल्याच मागील आंकड्याशीं तुलना करावी, आणि घरांतील स्त्रियांची नाडी मोजण्यास विसरूं नये.