पुठ्ठ्याचा खोका

परवा पहाटेच्या पावसात तळवडे चौकाच्या अलीकडे भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला आणि मी गाडी बाजूला घेतली. हा वास मला कुठेही ओळखू येतो. आंबूस, खळीचा, आणि जवळ गेलं की त्यात मिसळलेला पिल्लांच्या अंगाचा. खोक्यावर ब्रेकच्या कुठल्याशा सुट्या भागाचं लेबल होतं. वरची बाजू दाखवणारा बाण जमिनीकडे वळलेला. आत तीन पिल्लं, नुकतेच डोळे उघडलेली. दोन मादी.

आपल्या पट्ट्यात खोक्याला तोटा नाही. चाकणला येणारा नट-बोल्टसुद्धा खोक्यातून येतो, आणि रिकामा खोका भंगारात जाण्याआधी कुणाच्या तरी हाती लागतो. त्यातूनच पिल्लं कंपनीच्या कुंपणाशी, देवळामागे, इंद्रायणीच्या पुलाखाली ठेवली जातात. ठेवणारा बहुतेक वेळा आत एक फडकं घालतो. त्या फडक्याचा मला फार राग येतो. एवढी माया होती, तर आईपासून तोडलं कशाला?

माझ्या आयुष्यातला पहिला खोका एच. ए.चा. वडील हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते. १९५४ साली पिंपरीत उभ्या राहिलेल्या त्या कारखान्याचे खोके कॉलनीत घरोघरी असत. कांदे-बटाटे त्यात, जुनी पुस्तकं त्यात, आकाशकंदील त्यात. एका हिवाळ्यात वडिलांनी तसल्याच खोक्यातून चार पिल्लं घरी आणली. तीन नर बघता बघता गेले. उरली काळी मादी. येणारा प्रत्येक जण तिला उचलायचा, शेपटी वर करून बघायचा आणि परत ठेवून द्यायचा. शेपटी वर करणारे ते हात मला आजही दिसतात. भावंडं गेल्यावर अख्खा खोका तिचा झाला, तरी ती कोपऱ्यातल्या आपल्या जागेवरच झोपायची. बाकीची जागा तशीच मोकळी.

शेवटी कंपनीच्या कँटीनमधल्या एक मावशी आल्या. त्यांनी शेपटी बघितली नाही. पदरात घेतलं आणि गेल्या.

पिल्लांना घरं शोधून देण्याच्या या कामात पडल्यापासून ती काळी मादी मला सारखी भेटते. आजही फोनवर पहिला प्रश्न तोच असतो: नर आहे का? दुसरा रंगाचा. मादीला पिल्लं होतील ही भीती खरी आहे, पण सहा-सात महिन्यांची झाली की नसबंदी करता येते आणि प्रश्न कायमचा मिटतो. काळ्या रंगाला मात्र काही उत्तर नाही. तो नुसताच नको असतो.

मुंबईत जून १८३२ मध्ये कुत्र्यांवरून दंगल झाली होती. भटकी कुत्री मारायला कंपनी सरकारने बक्षीस लावलं, मारेकरी फोर्टमधल्या गल्ल्यांत शिरले आणि पारशी समाज रस्त्यावर उतरला. दुकानं बंद, बाजार बंद, शेवटी लष्कर बोलवावं लागलं. तळवड्याच्या त्या खोक्याशी या दंगलीचा संबंध काय, हे मला नीट जुळवता येत नाही, पण रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी एका शहराने बाजार बंद ठेवला होता, हे मला अधूनमधून स्वतःला सांगावं लागतं. कारण आपला १९६० चा कायदा भुकेने-तहानेने हाल होतील अशा जागी प्राण्याला सोडून देण्याला गुन्हा म्हणतो, आणि पहिल्या वेळी त्याला दंड लावतो दहा ते पन्नास रुपये.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडीतली भंगाराची हजारो शेड पाडली. पत्रे गेले, मालक गेले, कामगार मिळेल तिकडे पांगले. शेडची राखण करणारी कुत्री राहिली. एक पिवळी कुत्री, नसबंदी झालेली, कानाला खाच असलेली, जिथे फाटक होतं तिथेच बसून असायची. २०२३ चे नियम सांगतात की नसबंदीनंतर कुत्र्याला जिथून उचललं तिथेच सोडायचं. नियम चांगला आहे. पण तिची जागाच राहिली नव्हती.

तिला मागायला आला खराबवाडीत राहणारा एक मुलगा, मूळ अहमदपूरकडचा, कंत्राटी कामगार. आम्ही सगळ्यांना विचारतो तेच त्यालाही विचारलं: घर स्वतःचं की भाड्याचं? दिवसभर घरी कोण असतं? गावाला गेलात तर? घर भाड्याचं, अकरा महिन्यांच्या करारावर. एका खोलीत चौघं. कागदावर यापेक्षा वाईट घर शोधून सापडलं नसतं. तो म्हणाला, “आमच्या चौघांच्या पाळ्या वेगळ्या आहेत. खोलीवर कुणी ना कुणी कायम असतंच.” घरमालकाला त्याने सोबतच आणलं होतं.

त्याच सुमारास एका बंगल्यातून एक कुत्रा परत आला होता. अंगण मोठं, माणसं शिकलेली. त्याच्या नखांनी फरशीवर ओरखडे पडत होते.

मुलाचं कंत्राट पुढे संपलं. चाकणमध्ये हे रोजचंच आहे. माणसाला गेटपास जमा करायला सांगतात, तो खोली सोडतो, आणि गेटवर भाकरी खाऊ घातलेली कुत्री पुढच्या पाळीच्या बसकडे बघत राहतात. त्या मुलांना बेफिकीर म्हणणं मला पटत नाही. त्यांनाही इथे कुणी ठेवून घेतलेलं नसतं. हा मात्र गावाकडे निघालेल्या टेम्पोत तिला घेऊन गेला. त्याच्या आईने पाठवलेला व्हिडिओ माझ्याकडे आहे. पिवळी गोठ्याच्या दारात आडवी पडली आहे आणि म्हैस तिला ओलांडून आत जाते आहे.

तळवड्याच्या तीन पिल्लांपैकी नराला मागणी आली आहे. दोघी मादी अजून आमच्याकडेच आहेत. एक काळी आहे.

तुमच्या शेडमध्ये, सोसायटीत, जिन्याखाली कुत्री व्याली असेल तर पिल्लांना खोक्यात भरू नका. दोन महिने त्यांना आईजवळ राहू द्या, आईला पोटभर खायला घाला. तेवढ्यात घरं शोधता येतात, लस सुरू करता येते, आईचीही नसबंदी करून घेता येते. आणि पिल्लू घ्यायला याल तेव्हा शेपटी वर करून बघू नका.