साठ फ्रेम, पण किती अंतराने?

"दादा, जुनी दोन कार्डं एकत्र लावली तर नव्या एका कार्डाएवढी होतील ना?" गेमिंगचे पीसी जोडून देणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न ऐकावाच लागतो. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबलं, त्यातून सुटलेली ग्राफिक्स कार्डं जुन्या मालाच्या बाजारात आली, आणि हा प्रश्न पुन्हा जोरात सुरू झाला. माझं उत्तर 'नाही' असंच असतं. त्यावर मुलं म्हणतात, "हो, आता गेम सपोर्ट करत नाहीत म्हणून." हे खरं आहे, पण अर्धंच. गेम सपोर्ट करत होते त्या वर्षांतही दोन कार्डं आकडा मोठा दाखवायची आणि खेळ मात्र त्या आकड्याच्या तोलाचा वाटायचा नाही.

आधी गुळगुळीत खेळ म्हणजे काय ते पाहू. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी एक नवं चित्र. आता समजा, एक फ्रेम ५ मिलिसेकंदांनी आली, पुढची २८ने, पुन्हा ५ने, पुन्हा २८ने. दोन फ्रेमना ३३ मिलिसेकंद, म्हणजे हिशेब तोच, पडद्याच्या कोपऱ्यात एफपीएस (सेकंदाला फ्रेम) ६०च. पण डोळ्याला जाणवतात ते २८चे खड्डे. पाठोपाठ आलेली दुसरी फ्रेम पहिलीहून फारशी वेगळी नसते, त्यामुळे तिचा उपयोग जवळपास शून्य. तासाला चार एसटी असा फलक असावा, आणि दोन गाड्या एकामागोमाग येऊन पुढे अर्धा तास स्टँड रिकामा राहावा, तशी ही गत. फलक खोटा नसतो, प्रवासी मात्र ताटकळतो.

दोन कार्डांत हे का व्हायचं? कारण कामाची वाटणी. सुरुवातीला ती वेगळी होती. १९९८च्या थ्रीडीएफएक्स व्हूडू २मध्ये एकाच चित्राच्या एकाआड एक ओळी दोन कार्डं काढत. दोघांचं चित्र एकच, त्यामुळे पुढेमागे होण्याचा प्रश्न नव्हता. (त्या कार्डांना साधा टूडी पडदा दाखवता येत नसे, त्यासाठी तिसरं कार्ड लागायचं. तरीही लोक हौसेने घ्यायचे.) पुढे शेडर आले. एका पिक्सेलचा रंग ठरवायला शेजारचे पिक्सेल बघावे लागणारे इफेक्ट आले, आणि ओळींची वाटणी अवघड झाली. चित्राचा वरचा भाग एकाला आणि खालचा दुसऱ्याला, असंही करून पाहिलं गेलं; पण दृश्याच्या मांडणीचं बरंच काम दोघांना पुन्हा करावं लागे, म्हणून फायदा घटे. २०००च्या अखेरीस थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एनव्हिडियाने घ्यायचं ठरवलं आणि २००४मध्ये जीफोर्स ६ मालिकेबरोबर दोन कार्डं जोडायचं स्वतःचं तंत्र, एसएलआय, आणलं. २००५मध्ये एटीआयचं (पुढे एएमडीचं) क्रॉसफायर आलं. दोन्हींत पुढे जी पद्धत रुजली ती अशी: सम क्रमांकाची फ्रेम एका कार्डाने काढायची, विषम क्रमांकाची दुसऱ्याने.

बेंचमार्कसाठी ही पद्धत सोन्यासारखी. गेम नीट जुळला तर आकडा जवळपास दुप्पट. पण प्रत्येक कार्ड आपली फ्रेम काढायला पूर्वीइतकाच वेळ घेतं. एकटं कार्ड ३० एफपीएस देत असेल तर एका फ्रेमला ३३ मिलिसेकंद लागतात, जोडीतही तितकेच. म्हणजे पडद्यावर ६० दिसले तरी माउस हलवल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा उशीर ३०वाल्या कार्डाचाच. शिवाय प्रोसेसर दोन्ही कार्डांना कामं पाठोपाठ देऊन मोकळा झाला की दोन्ही फ्रेम पाठोपाठच तयार होतात, आणि वरचं ५-२८चं चक्र सुरू होतं. यालाच मायक्रोस्टटर म्हणतात.

खेळणारे ही तक्रार करत होते, पण परीक्षणांत सरासरी एफपीएसच छापला जाई. स्कॉट वॉसन यांनी २०११मध्ये 'टेक रिपोर्ट'मध्ये सेकंदाच्या आत डोकावून एकेका फ्रेमचा वेळ मांडायला सुरुवात केली, तेव्हा चर्चेला पाया मिळाला. २०१३मध्ये एनव्हिडियाने एफकॅट नावाची साधनं परीक्षकांना दिली. प्रत्येक फ्रेमच्या कडेला एक रंगीत पट्टी छापायची, पडद्याकडे जाणारा सिग्नल दुसऱ्या पीसीवर रेकॉर्ड करायचा आणि कोणती फ्रेम पडद्यावर किती ओळी टिकली ते मोजायचं. तेव्हा क्रॉसफायरच्या कित्येक फ्रेम पडद्यावर जेमतेम काही ओळींपुरत्या दिसत असल्याचं उघड झालं. एफपीएसच्या मोजणीत मात्र त्या पूर्ण फ्रेम म्हणून धरल्या जात होत्या. एएमडीने ऑगस्ट २०१३च्या ड्रायव्हरमध्ये लवकर तयार झालेली फ्रेम थोडी रोखून धरायची सोय दिली. अंतरं बरीच सारखी झाली. पण रोखून धरणं म्हणजे आणखी उशीर. या पद्धतीत एक दुखणं बरं करायचं तर दुसरं वाढतं.

मेमरीचा गैरसमज तर अजून जात नाही. आठ जीबीची दोन कार्डं म्हणजे सोळा जीबी नव्हे. या पद्धतीत प्रत्येक कार्डाला सगळी टेक्श्चर आपल्याकडे ठेवावी लागतात, म्हणून गेमला आठच मिळतात.

शेवटचा घाव गेमच्या इंजिनांनीच घातला. आजचे गेम कडा मऊ करायला, सावल्या आणि प्रतिबिंबं स्थिर ठेवायला मागच्या फ्रेमची माहिती वापरतात. मागची फ्रेम दुसऱ्या कार्डावर असेल तर ती आधी तिकडून आणा, मग काम करा. मग दुसरं कार्ड कशाला? पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. २०१६च्या जीटीएक्स १०६०ला जोडणीचा कनेक्टरच नव्हता. आरटीएक्स ३० मालिकेत तो फक्त ३०९० आणि ३०९० टीआयला उरला, जानेवारी २०२१पासून एनव्हिडियाने नवी एसएलआय प्रोफाइलं (गेमनिहाय जुळणीच्या सेटिंग) देणं बंद केलं, आणि ४०९०वर कनेक्टर नाहीच. डायरेक्टएक्स १२ने दोन कार्डांत काम वाटायची जबाबदारी गेम बनवणाऱ्यांवर सोपवली. 'ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी'ने तर रेडिऑन आणि जीफोर्स शेजारी बसवून चालवून दाखवलं. पण मोजक्या गिऱ्हाइकांसाठी एवढी मेहनत बहुतेक स्टुडिओंनी घेतली नाही, आणि त्यात त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

ब्लेंडरमध्ये रेंडर करणारे आणि घरच्या पीसीवर एआय मॉडेल चालवणारे यांनी मात्र दोन कार्डं जरूर लावावीत. तिथे फ्रेमच्या लयीचा प्रश्न नसतो, आणि मॉडेलचे थर दोन कार्डांत वाटता येतात, त्यामुळे दोन्हींची मेमरी खरोखर कामी येते.

गेमिंगसाठी हिशेब साधा आहे. दोन आरएक्स ५८० म्हणजे प्रत्येकी १८५ वॅट, एकूण ३७० वॅट. त्याला मोठा एसएमपीएस लागतो, मदरबोर्डवर दुसरा स्लॉट पुरेशा वेगाचा लागतो, आणि खालच्या कार्डाची गरम हवा वरचं कार्ड ओढत राहतं. अकोल्यात मे महिन्यात हा प्रयोग कुणी करू नये. तेवढ्याच बजेटमध्ये बसेल ते एकच चांगलं कार्ड घ्या, नवं किंवा जुनं.

घेताना सरासरीखाली छापलेला '१ टक्का लो' (सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा वेग) हा आकडा बघा. दोन कार्डांच्या सरासरीत थोडाच फरक असेल तर ज्याचा हा आकडा वरचा, ते घ्या. फ्रेम जनरेशन चालू करून दाखवलेले २००-२५० एफपीएस या तुलनेत धरू नका. मधल्या फ्रेम बनवलेल्या असतात, त्यांनी चित्र सफाईदार दिसतं, पण बोटाला मिळणारा प्रतिसाद मूळ फ्रेमच्या वेगाचाच राहतो. आणि जुनं कार्ड घेत असाल तर दुकानदाराला आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर चालू करून फ्रेमटाइमचा आलेख पडद्यावर ठेवायला सांगा आणि एखादा जड गेम अर्धा तास खेळा. दुकानदार कुरकुरला तर दुसऱ्या दुकानात जा.