आरक्षणाची रांग आणि आजीचे गुडघे

एप्रिल महिना उजाडला की माझ्या दवाखान्यात एका विशिष्ट प्रकारच्या मंडळींची ये-जा वाढते. त्यांना नवा आजार झालेला नसतो. अमेरिकेतल्या मुलाकडे किंवा मुलीकडे निघालेली ही ज्येष्ठ जोडपी असतात. त्यांना काही महिन्यांच्या गोळ्या लिहून हव्या असतात, औषधांची इंग्रजीत यादी हवी असते, विमानात पाय सुजू नयेत म्हणून काय करावे ते विचारायचे असते. मग उठता उठता, जराशा संकोचाने, एखाद्या आजी विचारतात, "डॉक्टर, नातवंडांनी डिस्नेचा हट्ट धरलाय. मला झेपेल ना?"

पूर्वी या प्रश्नाला मी केवळ राइडच्या अंगाने उत्तर देत असे. रक्तदाब, हृदयविकार, मान किंवा पाठीचे दुखणे असलेल्यांनी झटके देणाऱ्या राइडमध्ये बसू नये, एवढे सांगून मी मोकळा होई. अशी सूचना त्या राइडच्या तोंडाशीही लिहिलेली असते. आज ते उत्तर मला अपुरे वाटते. राइड चार-पाच मिनिटांची असते. वृद्ध शरीर थकते ते तिच्याआधीच्या रांगेत. आणि आपल्या वाट्याला किती रांग येणार, हे हल्ली पुष्कळदा घरातल्या कोणाच्या तरी फोनवर काही दिवस आधीच ठरून गेलेले असते.

हे कसे घडले, ते थोडे मागे जाऊन सांगतो. कॅलिफोर्नियातले डिस्नेलँड १९५५ साली सुरू झाले आणि फ्लोरिडात ऑर्लँडोजवळचे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ साली. आरंभीच्या काळात तेथे तिकिटांची पुस्तिका मिळे. प्रत्येक तिकिटावर इंग्रजी अक्षर असे आणि सर्वांत लोकप्रिय राइडसाठी 'ई' अक्षराचे तिकीट लागे. १९८२ च्या सुमारास ही पद्धत संपली आणि एकदा प्रवेशमूल्य भरले की आत सर्व राइड खुल्या झाल्या. त्यानंतर प्रत्येक राइडची किंमत लोक एकाच नाण्यात मोजू लागले. ते नाणे म्हणजे उभे राहण्याची ताकद.

१९९९ साली 'फास्टपास' आला. राइडजवळच्या यंत्रात आपले प्रवेशपत्र घालायचे, यंत्र एक चिठ्ठी देई, त्यावर तासाभराची वेळ छापलेली असे. त्या वेळेत परत आले की छोट्या रांगेतून आत. याला वेगळे पैसे पडत नसत. या कागदी चिठ्ठीचा एक गुण त्या काळी कोणाच्या फारसा लक्षात आला नसेल, पण वैद्यकीय दृष्टीने तो मला मोलाचा वाटतो. घरातला एखादा चपळ मुलगा सर्वांची प्रवेशपत्रे घेऊन धावत जाई आणि सर्वांच्या चिठ्ठ्या आणी. आजी-आजोबा तोवर झाडाखालच्या बाकावर बसून राहत. धावपळ तरुण पायांच्या वाट्याला येई आणि विसावा थकलेल्या पायांच्या.

पुढे २०१३-१४ च्या सुमारास तीच सोय फोनवर आली. डिस्नेच्याच हॉटेलात उतरलेल्यांना साठ दिवस आधी राइडच्या वेळा निवडता येत, इतरांना तीस दिवस आधी. २०२१ च्या ऑक्टोबरात तिच्या जागी दररोज माणशी पैसे आकारणारी सेवा आली. २०२४ च्या जुलैपासून तिचे नाव आणि नियम पुन्हा बदलले. आता हॉटेलातल्या पाहुण्यांना सात दिवस आधी आणि बाकीच्यांना तीन दिवस आधी तीन राइड राखून ठेवता येतात. एक वापरली की पुढची निवडायची. काही फार मागणी असलेल्या राइडचे पैसे निराळे. आरक्षण सकाळी सात वाजता उघडते आणि लोक गजर लावून फोन हातात घेऊन बसतात.

वाचकहो, येथे एक साधे गणित ध्यानात घ्यावे. समजा, एका राइडमध्ये तासाला हजार माणसे बसू शकतात. आपल्यापुढे सहाशे माणसे असतील, तर सुमारे छत्तीस मिनिटांत आपला क्रमांक लागेल. आता त्या हजारांपैकी सातशे जागा आरक्षणवाल्यांना दिल्या, तर साध्या रांगेसाठी तीनशेच उरल्या. त्याच सहाशे माणसांमागे आता दोन तास उभे राहावे लागेल. आरक्षणाने एकही खुर्ची वाढत नाही. शिवाय आरक्षण घेतलेला माणूस मधल्या वेळात स्वस्थ बसत नाही. तो दुसऱ्या एखाद्या राइडच्या साध्या रांगेत जाऊन उभा राहतो. पूर्वी जिथे सहज प्रवेश मिळे, तिथेही मग रांग लागते.

याचा भार कोणावर पडतो? वर्षाचा पास काढून वरचेवर येणाऱ्या स्थानिक माणसाला उद्यानाची नाडी ठाऊक असते. कोणती राइड सकाळी आधी गाठावी, कोणती रात्री मोकळी असते, दुपारच्या पावसानंतर कुठे गर्दी ओसरते, हे सारे त्याला पाठ असते. एखादी राइड हुकली तर तो पुढच्या महिन्यात येतो. त्यालाही तोटा झालाच. पूर्वी संध्याकाळी मनात आले की तो सहज उद्यानात शिरे. महासाथीनंतर २०२० साली उद्याने उघडली, तेव्हा पास असूनही आधी तारीख राखून ठेवणे त्याला भाग पडले, आणि जी सोय फुकट मिळत होती तिला आता प्रत्येक फेरीत पैसे मोजावे लागतात. त्याची तक्रार खरी आहे. मात्र त्याचे नुकसान पैशाचे आणि मनमोकळेपणाचे आहे. आयुष्यात एकदाच येणारा पाहुणा आपल्या अज्ञानाची किंमत पायांनी चुकवतो. आणि त्या पाहुण्याचे वय सत्तरीच्या पुढे असेल, तर हिशेब थेट माझ्या शास्त्राच्या हद्दीत येतो.

चालणे आणि नुसते उभे राहणे यांत शरीराच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात, सैल होतात आणि पायांतले रक्त वर ढकलत राहतात. रांगेत हे काम जवळजवळ थांबते, रक्त पायांत साठते, डोक्याकडे जाणारा दाब उतरतो. त्यात फ्लोरिडाचा जून-जुलैतला दमट उन्हाळा. आपल्या कोकणातल्या मे महिन्याची आठवण व्हावी असा. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना चक्कर येण्याचा धोका अधिक. स्वच्छतागृह शोधावे लागू नये म्हणून आपल्याकडच्या आजी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि हे त्या कोणाला सांगतही नाहीत.

हे सारे मला पुस्तकातून ठाऊक होते. तरीही काही वर्षांपूर्वी मी आईला घेऊन धाकट्या भावाकडे गेलो, तेव्हा ऑर्लँडोतल्या एका उद्यानात जे घडले ते घडलेच. उद्यानाचे नाव महत्त्वाचे नाही. चूक त्यांची नव्हती, माझी होती. आई तेव्हा शहात्तर वर्षांची होती. भावाने मुलांच्या दोन मोठ्या राइडसाठी आरक्षण घेतले होते. आईसाठी आम्ही एक संथ होडीची राइड निवडली आणि तिला कशाला हवे आरक्षण, म्हणून साध्या रांगेत उभे राहिलो. फलकावर चाळीस मिनिटे लिहिले होते. मध्येच राइड काही काळ थांबली. चाळीसाची पंचाहत्तर मिनिटे कधी झाली ते कळले नाही, कारण 'आता आलोच आहोत' असे आम्ही एकमेकांना सांगत होतो. वाट पाहण्यात गुंतवलेला वेळ सोडून देणे माणसाच्या जिवावर येते.

आईने सकाळी सातला दोन इडल्या खाऊन मधुमेहाची गोळी घेतली होती. बाराच्या सुमारास तिने कठडा घट्ट धरला. मी विचारले, "आई, बरं वाटतंय ना?" ती म्हणाली, "हो, पण बाबांना हाक मार, ते मागे राहिलेत." बाबांना जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. तिचे हात गार आणि घामेजलेले होते. साखर उतरली होती. तिच्याच पर्समध्ये खडीसाखरेची पुडी होती, ती कायम असते. पुतण्याजवळ संत्र्याच्या रसाची बाटली होती. तिला खाली बसवून घोट घोट रस दिला. दहा-पंधरा मिनिटांत ती पूर्ववत झाली. कर्मचाऱ्यांनी आम्हाला बाजूच्या दाराने बाहेर नेले, व्हीलचेअर आणली, वागणूक अत्यंत सौजन्याची होती. तीस वर्षे मधुमेहाच्या रुग्णांना 'वेळेवर खा' म्हणून बजावणारा मी तासभर तिच्या शेजारी उभा राहून फलकावरची मिनिटे मोजत होतो.

म्हणून आता कोणी झेपेल का विचारले, की मी सोबत जाणाऱ्या मुलाला किंवा सुनेलाही दवाखान्यात बोलावतो, ते परगावी असतील तर फोनवर घेतो. पैसे खर्चून आरक्षण घ्यायचेच असेल तर त्यातला पहिला हक्क ज्येष्ठांच्या राइडला द्यावा, असे सांगतो. लेकरे रांगेत उड्या मारत तास काढतात. आरक्षण नको असेल तर उद्यान उघडण्याच्या वेळी आत असावे आणि भर दुपारी हॉटेलवर किंवा वातानुकूलित नाट्यगृहात विसावावे. अर्ध्या तासाहून मोठी रांग असेल तर ज्येष्ठांनी त्यात उभे राहू नये. साखर कमी करणारी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याचे जेवण राइडच्या वेळेवर ढकलू नये. डिस्नेच्या उद्यानांत घरचे खाणे नेता येते आणि शीतपेयांच्या काउंटरवर थंड पाणी मागितले तर विनामूल्य मिळते; दशमी आणि चटणी न्यायला लाजू नये. लघवीची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. त्या दिवशीची वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे.

एक गैरसमजही दूर करतो. 'वृद्धांना तिथे वेगळी रांग असते' असे अनेकजण धरून चालतात. डिस्नेची अपंगत्वासाठीची जी विशेष सवलत आहे, तिचा पूर्वी गैरवापर होऊ लागला होता, आणि २०२४ पासून ती मुख्यतः स्वमग्नतेसारख्या विकासात्मक अवस्था असलेल्यांपुरती मर्यादित झाली आहे. गुडघ्यांच्या संधिवातासाठी व्हीलचेअर किंवा बॅटरीची गाडी भाड्याने घ्यावी, अशी अपेक्षा असते. अशा वेळी आपली मंडळी म्हणतात, "मी काय आजारी आहे?" व्हीलचेअर हे आजाराचे प्रमाणपत्र नव्हे. दिवसभरात दहा किलोमीटर सहज चालणे होते तिथे. रांगेत बसायला मिळाले, तर चालण्याची ताकद नातवाबरोबर मिरवणूक पाहायला उरते.

अमेरिकेतून परतल्यावर मी माझ्या दवाखान्याच्या फोनवरच्या क्रमांक-पद्धतीकडे नव्याने पाहिले. सकाळी आठला फोन सुरू होताच नेहमीचे रुग्ण, विशेषतः नोकरदार, पहिले वीस क्रमांक घेत. खेड्यातून पहिल्या एसटीने आलेले आजोबा त्यांच्या आधी येऊन बाकावर बसलेले असत आणि आत यायला त्यांना दीड वाजे. कंपाउंडरने हे मला पूर्वी दोनदा सांगितले होते. आता प्रत्येक दोन फोनवाल्यांमागे बाकावरचा एक आत येतो. फोन करणाऱ्यांपैकी काहीजण नाराज आहेत, आणि त्यांचेही म्हणणे अगदीच चुकीचे नाही.

तर त्या दिवशी आईला आम्ही सावलीत बसवले होते. रक्तदाब पाहिला, तो ठीक होता. सगळे गप्प होते. आईच म्हणाली, "अरे, पण होडी राहिली की." दोन दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. इडलीबरोबर या वेळी शिराही खायला घातला, व्हीलचेअर दारातच घेतली आणि उद्यान उघडताच थेट होडीकडे गेलो. दहा मिनिटांत आत होतो. पाण्यावरच्या त्या मंद प्रकाशात ती काहीच बोलली नाही. बाहेर आल्यावर साडीच्या निऱ्या नीट करीत तिने विचारले, "परत एकदा बसू देतात का रे?"